पेल्यातला गाळ आणि बडोद्याची गादी

बारावीचा निकाल लागला, की मंचरच्या घराघरांत कांदा-बटाट्याच्या भावाइतकीच चर्चा कॉलेजच्या फॉर्मची सुरू होते. अलीकडे या फॉर्मबरोबर एक नवा प्रश्न आला आहे. मुख्य विषय कोणता आणि दुय्यम विषय कोणता. म्हणजे मेजर काय नि मायनर काय. आमच्या नात्यातल्या एका मुलीने रसायनशास्त्र मुख्य आणि न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक सायन्स, दुय्यम घ्यायचे मनात आणले. आईला काळजी पडली, की रक्त आणि मुडदे यांच्याशी संबंध येणारे हे शिक्षण पोरीला कशाला? वडिलांचा प्रश्न सरळ होता. याला लागते काय आणि पुढे उपयोग काय? आणि खुद्द मुलीने टीव्हीवरच्या मालिका पाहून समजूत करून घेतली होती, की परीक्षानळीत दोन थेंब टाकले की गुन्हेगार कोण ते कळते.

तिघांनाही उत्तर देताना मला एका राजाची आठवण झाली. मंचरहून पुण्याच्या रस्त्याला लागले, की पुढचे मोठे गाव खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर. त्याच खेड तालुक्यात दावडी नावाचे गाव आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे नाव या दावडीशी जोडलेले आहे. या घराण्यातल्या एका पुरुषाचे राज्य गेले, त्या वेळी साऱ्या हिंदुस्थानचे लक्ष एका काचेच्या पेल्यातल्या चिमूटभर गाळाकडे लागले होते. त्या पुरुषाचे नाव मल्हारराव गायकवाड. त्यांची हकीकत ऐकली, की फॉरेन्सिक सायन्स शिकायला काय काय लागते, याची यादी आपोआप तयार होते.

तुरुंगातून गादीवर

गायकवाडांचा उदय शाहू महाराजांच्या काळातला. १७२० साली बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाडांनी पराक्रम केला आणि घराण्याला समशेर बहादूर हा किताब मिळाला. त्यांचे पुतणे पिलाजी यांनी गुजरातेत पाय रोवले. पुढे दीडशे वर्षांत या घराण्याने वैभव पाहिले, भाऊबंदकी पाहिली आणि अखेर इंग्रजांचे मांडलिकत्वही पाहिले.

मल्हाररावांचा जन्म १८३१ सालचा. दुसऱ्या सयाजीरावांचे हे पुत्र. थोरले बंधू गणपतराव १८५६ साली वारले आणि त्यांच्यामागून खंडेराव गादीवर आले. खंडेराव आणि मल्हारराव ही दोन्ही नावे जेजुरीच्या एकाच देवाची. पण भावांचे एकमेकांशी पटले नाही. खंडेरावांच्या जिवावर उठल्याचा आरोप मल्हाररावांवर आला आणि १८६३ साली त्यांची रवानगी पाद्र्याच्या कैदेत झाली. ऐन उमेदीची सात वर्षे तिथे गेली.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव वारले. त्यांना मुलगा नव्हता, परंतु राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, मुलगी झाली तर मल्हाररावांची, असे ठरले. १८७१ च्या जुलैत जमनाबाईंना मुलगी झाली. कालपर्यंत कैदेत असलेला माणूस बडोद्याचा महाराज झाला. आपल्या जिवाला धोका आहे अशा भीतीने जमनाबाई पुण्यास येऊन राहिल्या.

मल्हाररावांनी चांगले राज्य केले असे त्यांचे कैवारीही म्हणणार नाहीत. सात वर्षांचा राग त्यांनी भावाच्या माणसांवर काढला. खंडेरावांच्या मर्जीतले भाऊ शिंदे कैदेतच मेले आणि त्यांना विष दिले गेले अशी बोलवा सर्वत्र झाली. शेतसारा जबर होता, सावकार नाडले जात होते, बायकांना बळजबरीने राजवाड्यात कामाला ठेवल्याच्या तक्रारी होत्या. खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या, तर मल्हाररावांनी सोन्याच्या ओतवल्या. रयतेच्या पैशावर चाललेली ही चढाओढ होती. हे सारे आधीच सांगून ठेवणे बरे. कारण पुढे जे घडले, त्यात माणूस वाईट आहे ही एक गोष्ट आणि त्याने हाच गुन्हा केला ही दुसरी गोष्ट, या दोहोंची गल्लत पावलोपावली झाली.

रेसिडेंट आणि महाराज

१८७३ च्या मार्चमध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे बडोद्याचे इंग्रज रेसिडेंट म्हणून आले. स्वभावाने कडक, आपल्या मताबद्दल शंका न बाळगणारे. दरबाराच्या विरुद्ध ज्याची म्हणून तक्रार असेल त्याला रेसिडेन्सीचे दार उघडे झाले. त्याच वर्षाअखेर कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली राज्यकारभाराची चौकशी झाली. चौकशीत बऱ्याच तक्रारी खऱ्या निघाल्या. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी १८७५ च्या अखेरपर्यंत कारभार सुधारण्याची मुदत महाराजांना दिली.

ही सुधारणा करायला दिवाण म्हणून आले ते दादाभाई नौरोजी. हिंदी राजकारणातले पितामह म्हणून पुढे ज्यांना देशाने वंदन केले, तेच दादाभाई. जुने दरबारी एका बाजूने अडवीत आणि फेअरसाहेब दुसऱ्या बाजूने. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयना खलिता लिहून फेअर यांना बडोद्यातून हलवण्याची विनंती केली. खलिता गेला आणि बरोबर एका आठवड्याने तो पेला समोर आला.

पपनसाचे सरबत

९ नोव्हेंबर १८७४ ची सकाळ. कर्नल फेअर रोजच्याप्रमाणे फिरून परत आले. खोलीत त्यांच्यासाठी पपनसाच्या रसाचे सरबत ठेवलेले असे, तसे त्या दिवशीही होते. त्यांनी दोन-तीन घोट घेतले. थोड्याच वेळात मळमळू लागले, डोके जड झाले. मागच्या काही दिवसांतही त्यांना असेच अस्वस्थ वाटत होते. सरबतच बाधले असावे असे समजून त्यांनी उरलेले बाहेर फेकून दिले आणि पेला ठेवताना त्यांची नजर तळाशी गेली. तिथे काळपट गाळ उरला होता.

इथे आमच्या मंचरच्या मुलीला मी थांबवले आणि विचारले, की तू तिथे असतीस तर पहिले काय केले असतेस? ती म्हणाली, गाळ तपासला असता. उत्तर चुकीचे नाही, पण ते दुसरे पाऊल झाले. पहिले पाऊल म्हणजे हात न लावणे. पेला कोणी भरला, कोणी आणला, खोलीत कोण कोण येऊन गेले, सरबत बाहेर नेमके कुठे सांडले, याची नोंद करणे. पेला आणि सांडलेला भाग राखून ठेवणे. आणि ही वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे दर वेळी लिहून, सही-शिक्का करून ठेवणे. आज फॉरेन्सिक सायन्सचा कोणताही अभ्यासक्रम घेतला, तरी पहिला धडा हाच असतो. घटनास्थळ आणि पुराव्याची साखळी. साखळीतली एक कडी निखळली, की पुढच्या प्रयोगशाळेतले सारे शहाणपण वाया जाते.

बडोद्यात या धड्याची सुरुवातच अडखळत झाली. ज्याच्यावर विषप्रयोग झाला तोच रेसिडेंट, तोच फिर्यादी आणि पहिले काही दिवस चौकशी करणाराही तोच. ज्या महाराजांनी आठवड्यापूर्वी आपली बदली मागितली, त्यांच्यावरच संशय घेणारा. मनात आधी निष्कर्ष तयार असला, की पुरावा त्या निष्कर्षाच्या मागून चालू लागतो.

सोमल बोलतो कसा

रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड यांनी गाळाची प्राथमिक तपासणी केली. त्यांना सोमल सापडला आणि काही चकाकणारे कणही दिसले. उरलेला गाळ मुंबईला सरकारी रासायनिक पृथक्करण अधिकारी डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. मुंबई इलाख्याचे हे खाते तेव्हा नवेच होते. मद्रासला १८४९ साली, कलकत्त्याला १८५३ साली, आग्र्याला १८६४ साली आणि मुंबईला १८७० साली अशी रासायनिक तपासणीची केंद्रे इंग्रजांनी उघडली होती, ती मुख्यतः विषप्रयोगांच्या सुळसुळाटामुळे. पोलीस ठाण्यात आजही व्हिसेरा राखून ठेवला आणि सी. ए. चा रिपोर्ट यायचा आहे असे म्हणतात, त्यातला सी. ए. म्हणजे केमिकल अॅनालायझर. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या खात्याचे नाव आपल्या बोलीत असे टिकून राहिले.

सोमल हे विष खुन्यांचे लाडके का होते, तेही सांगायला हवे. पांढरी भुकटी, वास नाही, चव जवळजवळ नाही. उंदरांच्या औषधासाठी आणि इतर शंभर कामांसाठी बाजारात सहज मिळे. आणि लक्षणे पटकीसारखी, उलट्या नि जुलाब. पटकीने गाव ओस पडण्याच्या काळात एखादा माणूस असा गेला, तर कोणाला शंका यायची?

ही अडचण दूर केली ती १८३६ साली जेम्स मार्श नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने. संशयित पदार्थात जस्त आणि सौम्य आम्ल घालायचे. सोमल असेल, तर त्यापासून एक वायू तयार होतो. तो वायू काचेच्या तापवलेल्या नळीतून जाऊ दिला, की नळीच्या पुढच्या थंड भागावर काळसर, चकचकीत थर बसतो, आरशासारखा. अगदी किंचित सोमलही या परीक्षेतून सुटत नसे. १८४० साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या बाईवर नवऱ्याला विष दिल्याचा खटला चालला, तेव्हा स्थानिक तज्ज्ञांचे एकमत होईना. मग पॅरिसहून मातेओ ऑर्फिला या विषशास्त्राच्या जनकाला बोलवावे लागले. तेव्हापासून युरोपातल्या न्यायालयांना समजले, की परीक्षा उत्तम असली तरी ती करणारा हातही उत्तम लागतो. परीक्षेसाठी वापरलेल्या जस्तातच सोमलाचा अंश असला, तर निरपराध माणूस फासावर जायचा. म्हणून आधी नुसते जस्त आणि आम्ल घेऊन नळी स्वच्छ राहते ना, हे पाहायचे आणि मगच संशयित पदार्थ घालायचा. रसायनशास्त्र मुख्य विषय घेणाऱ्या मुलीने कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोऱ्या चाचणीचा कंटाळा का करू नये, याचे उत्तर या खटल्यात आहे.

डॉ. ग्रे यांनी गाळात सोमल असल्याचे पक्के केले. विज्ञानाने आपले काम चोख केले होते. पेल्यात विष होते.

हिरकणीची गोष्ट

पण ते चकाकणारे कण कसले? डॉ. सीवर्ड यांना ती हिऱ्याची पूड वाटली. कण काचेचे किंवा गारगोटीचेही असू शकत होते. बातमी फुटली आणि लोकांच्या तोंडी एकच गोष्ट राहिली, ती हिऱ्याची. हिरकणी खाऊन जीव देण्याच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जात. राजाने विष द्यायचे म्हणजे ते हिऱ्याचेच असणार, हे लोकांना आपोआप पटले. कलकत्त्यात अमृतलाल बसू यांनी या प्रकरणावर नाटक लिहिले, त्याचे नावच हीरकचूर्ण असे ठेवले. मराठीतही नारायण बापूजी कानिटकरांनी १८७५ सालीच मल्हाररावांवर नाटक लिहिले.

वास्तविक हिरा हा शुद्ध कार्बन. तो पोटातल्या आम्लात विरघळत नाही, रक्तात भिनत नाही. विष या अर्थाने तो विषच नव्हे. पण खटल्यात या कणांना वजन आले ते वेगळ्या कारणाने. सोमल कोणीही दोन पैशांना आणील, हिरे मात्र राजवाड्यातूनच येणार, असा तो तर्क होता. म्हणजे कणांची ओळख चुकली, तर संशयाचे बोटही चुकीच्या दिशेला वळणार. सूक्ष्मदर्शकाखालचा एक कण हिरा की काच, एवढ्यावर एका संस्थानिकाचे नशीब टांगलेले असावे, हे आज विचित्र वाटते. परंतु फॉरेन्सिक प्रयोगशाळेतला रोजचा दिवस असाच असतो. हे रक्त माणसाचे की जनावराचे, हा केस कोणाचा, ही माती कुठली. एवढ्यासाठीच या विषयात रसायनाबरोबर जीवशास्त्र आणि पदार्थविज्ञानही लागते.

पट्ट्यातली पुडी

नोव्हेंबर संपता संपता फेअर यांना बडोद्याहून हलवण्यात आले आणि त्यांच्या जागी सर लुईस पेली आले. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसे घेऊन तपासाला लागले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याने अखेर कबुली दिली, की महाराजांच्या सांगण्यावरून आपण सरबतात पूड टाकली. डिसेंबरच्या अखेरीस त्याच्या कमरेच्या पट्ट्यातून एक पुडी निघाली. तिच्यात सोमल होता. रेसिडेन्सीतला जमादार नरसू यानेही कबुली दिली. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनीही सोमल आणि हिरे आपण मिळवून दिले असे सांगितले. रावजी आणि दामोदरपंत यांना माफीचे अभय होते.

१८७५ च्या जानेवारीत मल्हाररावांना अटक झाली. एका सत्ताधारी संस्थानिकाला आरोपी म्हणून चौकशीपुढे उभे करण्याचा हा प्रकार देशभर गाजला. पुण्यासारख्या शहरांत, जिथे मल्हाररावांच्या कारभाराचे कौतुक कोणी करीत नव्हते, तिथेही लोकमत त्यांच्या बाजूने खवळले. लोकांचा आक्षेप साधा होता. राजा वाईट असेल, पण त्याचा न्याय तरी नीट व्हावा.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सहा जणांच्या आयोगापुढे बडोद्यात चौकशी चालली. तीन इंग्रज होते. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल. तीन हिंदी होते. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज सवाई रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्कोबल. महाराजांतर्फे खास विलायतेहून आलेले नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन. हे सार्जंट पोलिसातले नव्हेत. तिकडे वरिष्ठ वकिलांना ही पदवी असे.

बॅलंटाइन यांनी रसायनाशी फारसे भांडण मांडले नाही. पेल्यात सोमल असेल, असू द्या. त्यांनी बोट ठेवले ते माणसांवर आणि साखळीवर. ज्याचा जीव माफीवर टांगला आहे, त्याचा शब्द किती धरायचा? सरबताचा प्रकार नोव्हेंबरच्या नऊ तारखेचा आणि पट्ट्यातली पुडी निघते सहा आठवड्यांनी, तीही पोलिसांच्याच हाताला लागते. मधल्या काळात तो पट्टा कुठे होता, त्याला कोणाकोणाचे हात लागले? सोमल ज्याच्याकडून आणला म्हणतात, तो दुकानदार साक्षीला का नाही? जवाहिऱ्याच्या वह्यांवरूनही बरीच खडाजंगी झाली. रसायनाने पुडीत सोमल आहे हे सांगितले होते. पण पुडी तिथे कोणी ठेवली, हे कोणत्याही नळीत उमटत नव्हते.

तीन विरुद्ध तीन

मार्चअखेर आयोगाचा अहवाल तयार झाला आणि तो एक नव्हता. तिन्ही इंग्रज सभासदांनी मल्हाररावांना दोषी ठरवले. तिन्ही हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. गाळ एकच, प्रयोगशाळेचा अहवाल एकच, साक्षीदार तेच. निष्कर्ष मात्र दोन. यात कोण खरे आणि कोण खोटे, याचा निवाडा आज दीडशे वर्षांनी करणे शक्य नाही, आणि करण्याचा आव आणणेही बरे नाही. मात्र दोन्ही गटांमध्ये विज्ञानाविषयी वाद नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वाद होता तो विज्ञान जिथे थांबते तिथून पुढचा.

सरकारपुढे पेच पडला. अखेर एप्रिलमध्ये जाहीरनामा निघाला. मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले ते विषप्रयोगाच्या निष्कर्षावरून नव्हे, तर गैरकारभार आणि राज्य करण्याची अपात्रता या कारणांवरून, असे त्यात म्हटले होते. म्हणजे ज्या पेल्यामुळे एवढे रामायण घडले, तो पेला शेवटी कागदावर कुठेच राहिला नाही. गैरकारभार हेच कारण होते, तर त्यासाठी वर्षाअखेरपर्यंतची मुदत दिलेली होती. ती संपायला आठ महिने बाकी होते. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांच्या मनात ही सल दीर्घकाळ राहिली.

मद्रासचा बंगला

२२ एप्रिल १८७५ रोजी मल्हाररावांना बडोद्याहून मद्रासकडे रवाना केले गेले. तिथे डव्हटन हाऊस नावाच्या बंगल्यात त्यांना ठेवण्यात आले. पाद्र्याच्या कैदेत ज्याचे तारुण्य गेले, त्याचे उतारवय पुन्हा नजरकैदेत गेले. बडोद्याची त्यांची कारकीर्द सारी मिळून जेमतेम साडेचार वर्षांची. १८८२ साली मद्रासलाच त्यांचा अंत झाला. वय होते पन्नाशीच्या आसपास.

इकडे जमनाबाईंना पुण्याहून बडोद्यास बोलावण्यात आले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ याला त्यांनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. तेच पुढे महाराज तिसरे सयाजीराव झाले. त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, गावोगाव वाचनालये काढली, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. पेल्यातल्या गाळातून असे काही निघेल, हे कोणाच्या स्वप्नातही नसेल. पण म्हणून मल्हाररावांचा न्याय नीट झाला, असे मात्र म्हणता येत नाही. चांगल्या शेवटाने अर्धवट पुरावा पुरा होत नाही.

मद्रासच्या त्या डव्हटन हाऊसमध्ये पुढे मुलींचे कॉलेज आले आणि ते आजही चालू आहे. नजरकैदेच्या बंगल्यात मुली शिकताहेत, हे ऐकून मंचरच्या आमच्या मुलीच्या आईलाही थोडे हसू आले.

रकाना भरताना

आता वडिलांच्या प्रश्नाकडे यायला हवे. लागते काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक म्हणजे क्रेडिट धरले आहेत आणि त्यांतले २४ दुय्यम विषयाचे. चार वर्षांची पदवी असेल तर १६० पैकी ३२. वर्गातल्या शिकवण्याचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, आणि प्रयोगशाळेतल्या कामाचे तीस तास म्हणजे एक. विद्यापीठागणिक यात थोडाफार फरक पडतो. शिवाय प्रत्येक कॉलेजात हा विषय असतोच असे नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या कचेरीत जाऊन चालू वर्षाचे पत्रक पाहणे उत्तम.

पण आकड्यांच्या आत काय असते, ते मल्हाररावांच्या हकिकतीत आलेच आहे. फेअरसाहेबांची खोली म्हणजे घटनास्थळाचा अभ्यास. डॉ. ग्रे यांची नळी म्हणजे विषशास्त्र. चकाकणारे कण म्हणजे सूक्ष्मदर्शक. जवाहिऱ्याच्या वह्या म्हणजे संशयित दस्तऐवजांची तपासणी. पट्ट्यातली पुडी म्हणजे पुराव्याची साखळी. आणि बॅलंटाइन यांची उलटतपासणी म्हणजे कायदा. पाच विषय विज्ञानाचे असोत, सहावा कायद्याचा नसेल तर पाचही लंगडे. तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य असते, हे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. पण ते मत आहे, निकाल नव्हे. निकाल न्यायाधीशाने द्यायचा असतो.

उपयोग काय, याचेही उत्तर कायद्यातच आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक करण्यात आले आहे. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे. म्हणजे माणसे लागणार. महाराष्ट्रात मुंबईच्या कालिन्याला राज्याची मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, पुणे, नागपूर, नाशिक अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. याच विषयात पुढे शिकायचे, तर मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथे २००९ साली सुरू झालेल्या सरकारी संस्था आहेत. मात्र नुसत्या दुय्यम विषयाच्या जोरावर प्रयोगशाळेत नोकरी मिळेल असे मनात धरू नये. तिथे पाया लागतो तो मुख्य विषयाचा, आणि त्यानंतरच्या उच्च शिक्षणाचा.

आणि आईच्या काळजीचे काय? रक्त आणि मुडदे यांच्याशी संबंध येतो, हे खरे. पण त्याहून अधिक संबंध येतो तो जिवंत माणसांशी. प्रयोगशाळेतल्या एका सहीने कोणाचा तरी मुलगा सुटतो किंवा अडकतो. म्हणून जेवढे सापडले तेवढेच लिहावे. जे सापडले नाही, ते केवळ आरोपी वाईट आहे म्हणून आपल्या पदरचे लिहू नये. शिस्त अशी, की शिकणारी मुलगी कोणत्याही धंद्यात गेली तरी ती तिच्या उपयोगी पडेल.

मुलीने फॉर्म भरला. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम न्यायसहायक विज्ञान. परतीच्या वाटेवर खेड लागले, तेव्हा दावडीची आठवण झाली. या बाजूच्या मातीशी नाते सांगणारा एक राजा दूर मद्रासला वारला. त्याच्या पेल्यात काय होते, ते डॉ. ग्रे यांनी पक्के सांगितले. तो पेला कोणाच्या मनातून आला, हे मात्र कोणीच पक्के सांगू शकले नाही.